खोटी नखं घेताय? आधी काढायची कशी ते ठरवा

लग्नाचा हंगाम सुरू झाला किंवा नवरात्र आठवड्यावर आलं की मुंबईतल्या बोरिवली-अंधेरी आणि मुलुंड-घाटकोपर या पट्ट्यांतून तेच प्रश्न फिरून फिरून येतात. स्टेशनबाहेरची शंभर रुपयांची नखं घ्यावीत की पार्लरमध्ये दीड-दोन हजार घालावेत? ऑनलाइन मागवलेल्या पाकिटातलं एकही नख अंगठ्याला बसत नाही, परत घेतील का? ग्लूने लावलेलं नख ओढून काढलं आणि खालच्या खऱ्या नखाचा पापुद्राच निघाला, आता काय करायचं?

दुकानात गेल्यावर आपण आधी रंग आणि नक्षी बघतो. साहजिक आहे, पाकिटावर तेच दिसतं. पण नखं रंगामुळे क्वचितच फसतात. ती मापात फसतात, ग्लूत फसतात आणि सगळ्यात जास्त फसतात काढताना. म्हणून खरेदीचा क्रम उलटा ठेवा: नखं किती दिवस हवीत आणि ती कशी काढणार, हे घरीच ठरवा. मग माप घ्या. रंग शेवटी.

किती दिवसांसाठी हवीत?

* एका संध्याकाळपुरती: तयार 'प्रेस-ऑन' नखं आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारे पारदर्शक जेली टॅब. साखरपुडा, गरब्याची एक रात्र, फोटोशूट यांना एवढं पुरतं. टॅबवर नख एखाद-दोन दिवस टिकतं आणि कोमट पाण्यात सैल होतं. पहिल्यांदाच लावणार असाल तर इथूनच सुरुवात करा.
* आठवडाभर: तीच प्रेस-ऑन नखं, पण नेल ग्लूने. नीट लावली तर सात ते दहा दिवस राहतात. काढायला वेळ आणि धीर लागतो.
* दोन-तीन आठवडे: पार्लरमधलं जेल किंवा ॲक्रिलिक एक्स्टेंशन. खरं नख वाढत जातं तशी मुळाशी फट पडते आणि ती पुन्हा भरून घ्यावी लागते. म्हणजे खर्च एकदाच होत नाही.

एक गोंधळ वारंवार होतो. पाकिटावर 'नेल टिप्स' लिहिलेलं असेल तर नीट बघा. 'फुल कव्हर' म्हणजे संपूर्ण नख झाकणारं. 'हाफ कव्हर' टिप नखाच्या फक्त टोकाला चिकटते आणि उरलेला भाग जेल किंवा ॲक्रिलिकने भरावा लागतो. ती पार्लरवाल्यांची वस्तू आहे. पाचशे टिप्सचा डबा स्वस्त दिसतो म्हणून घरी आणला तर बहुधा तसाच पडून राहतो.

तुमचे हात दिवसभर काय करतात?

लांबी या प्रश्नाच्या उत्तरावर ठरवा. गर्दीच्या वेळी लोकलने जाणाऱ्यांनी बोटाच्या टोकापुढे दोन-तीन मिलिमीटरपेक्षा लांब नख घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. डब्यातली कडी पकडताना, पर्सची चेन ओढताना लांब नख अडकतं. घट्ट चिकटलेलं असेल तर ते एकटं तुटत नाही, खालचं खरं नखही उचकटतं. आकारही तसाच निवडा. गोलसर, अंडाकृती आणि कडा गोल केलेली चौकोनी नखं रोजच्या वापराला बरी. निमुळती टोकदार आणि लांब 'कॉफिन' आकाराची नखं एका कार्यक्रमापुरती ठेवा.

स्वयंपाक करणाऱ्यांनी गॅसचा विचार आधी करावा. ही नखं प्लॅस्टिकची असतात. ती आचेने मऊ होतात आणि पेटूही शकतात. फुलके थेट आचेवर शेकणं, पापड भाजणं, निरांजन लावणं ही कामं नखं असताना टाळा. कणीक मळताना नखाखाली पीठ अडकतं ते वेगळंच. गणपतीत उकडीच्या मोदकाच्या कळ्या पाडायच्या असतील तर मोदक आधी आणि नखं नंतर. निदान टॅबवाली घ्या, म्हणजे काढता येतील.

काही जणींनी मात्र ती लावूच नयेत. रुग्णांची थेट सेवा करणाऱ्यांनी कृत्रिम नखं वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हातांच्या स्वच्छतेविषयीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, कारण नखाखाली जंतू राहतात. केटरिंग, पोळीभाजी केंद्र किंवा कॅन्टीनमध्ये काम करणाऱ्यांसाठी अन्न सुरक्षेच्या नियमांतही खोटी नखं टाळण्याची सूचना आहे. नखांना बुरशी, सोरायसिस किंवा आसपास जखम असेल, किंवा मधुमेहामुळे जखमा लवकर भरत नसतील, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर नखं आणि नेलपॉलिश दोन्ही काढून जा; बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरच्या मापनात त्यांचा अडथळा येऊ शकतो.

माप घरीच घ्या

पाकिटातल्या नखांच्या मागे बारीक आकडे असतात, साधारण ० ते ९. शून्य सर्वांत रुंद, ते अंगठ्याचं, नऊ करंगळीचं. पण एका कंपनीचं ३ नंबर दुसरीच्या ३ नंबरइतकंच असेल असं नाही, म्हणून आकड्यावर विसंबू नका, मिलिमीटर बघा.

1. नखाच्या सर्वांत रुंद भागावर पारदर्शक चिकटपट्टी आडवी, नखाच्या गोलाईला धरून बसवा.
2. दोन्ही बाजूंना, नख संपून कातडी सुरू होते तिथे बारीक पेनाने खूण करा.
3. पट्टी काढून सपाट पट्टीवर (म्हणजे स्केलवर) मोजा आणि दहाही बोटांची मापं लिहून ठेवा. उजव्या-डाव्या अंगठ्यात बऱ्याचदा फरक निघतो.
4. तो कागद मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. दुकानातही लागतो, ऑनलाइनही.

माप दोन आकड्यांच्या मध्ये येत असेल तर मोठं घ्या आणि कडा कानशीने घासून बसवा. लहान नख ताणून बसवलं की आतून दाब देतं, दुखतं आणि लवकर सुटतं. फार रुंद नख कातडीवर चढतं. तिथून पाणी आत शिरतं. गोलाईही बघा. तुमचं नख सपाट असेल आणि घेतलेलं फार वळणदार, तर मधोमध पोकळी राहते. ती पोकळी ग्लूने भरून काढायचा मोह होतो, पण तिथेच पुढचा त्रास सुरू होतो.

२४ नखांच्या पाकिटात प्रत्येक मापाची मोजकीच नखं असतात. म्हणजे एका बोटाचं नख हरवलं तर त्याच मापाचं जादा मिळेलच असं नाही. तुमचे अंगठे रुंद असतील तर अंगठ्याचं माप बघूनच पाकीट घ्या, बाकीची बोटं बहुधा जमून जातात.

कुठे घ्यायची?

अंधेरी. पश्चिमेला स्टेशनबाहेरची कटलरीची दुकानं साध्या पाकिटांसाठी ठीक. थोडी निवड हवी असेल तर लोखंडवाला बाजार. परदेशी सौंदर्यप्रसाधनांसाठी पार्ले-अंधेरीच्या सीमेवरचं इर्ला मार्केट जुनं आणि ओळखीचं आहे. तिथे आयात मालाच्या पाकिटावर आयातदाराचं नाव आहे का, हे मात्र आवर्जून बघा.

बोरिवली. पश्चिमेची जांभळी गल्ली आणि एस. व्ही. रोडवरचं इंद्रप्रस्थ शॉपिंग सेंटर. नवरात्रात इथे खूप गर्दी होते, तेव्हा दुकानदाराला माप दाखवायला आणि बदलून मागायला सवड नसते. सण सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात, भर दुपारी जा. मालाड तुम्हाला वाटेत पडत असेल तर स्टेशनजवळचं नटराज मार्केटही बघा.

घाटकोपर. पश्चिमेचा स्टेशन परिसर आणि एलबीएस मार्गावरचा आर सिटी मॉल. मॉलमध्ये किंमत जास्त, पण पक्कं बिल आणि बदलून देण्याचे लेखी नियम मिळतात. पहिल्यांदा घेणाऱ्याला त्या जादा पैशांचा उपयोग होतो.

मुलुंड. पश्चिमेला आर. आर. टी. रोड आणि सेवाराम लालवानी रोडच्या परिसरात कटलरी आणि इमिटेशन दागिन्यांची दुकानं आहेत. नेहमीच्या गिऱ्हाइकाला दुकानदार पाकीट उघडून अंगठ्याचं नख लावून बघू देतो. ही सोय ॲपवर मिळत नाही, म्हणून ओळखीचं दुकान सोडू नका.

क्रॉफर्ड मार्केटला जावं का? एका पाकिटासाठी नाही. घरच्या लग्नात सहा-सात जणींना घ्यायची असतील किंवा तुम्ही नेल आर्टचं काम सुरू करत असाल तर जरूर जा. मुलुंड-घाटकोपरहून लोकलने सीएसएमटी. बोरिवलीहून मरीन लाइन्सला उतरून चालत. अंधेरीहून आता मेट्रो १ ने मरोळ नाका आणि तिथून मेट्रो ३ ने थेट सीएसएमटीपर्यंत जाता येतं. ही मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. रविवारी घाऊक दुकानं बहुतेक बंद असतात. अब्दुल रहमान स्ट्रीट आणि आसपासच्या गल्ल्यांत नावाजलेल्या ब्रँडची नक्कलही चालते. तिथून नखं घ्यायला हरकत नाही, पण ग्लू घेऊ नका.

ऑनलाइन. मोठ्या सौंदर्यप्रसाधन संकेतस्थळांवर निवड भरपूर आहे, झटपट डिलिव्हरीच्या ॲपवर कमी. मागवण्याआधी दोन गोष्टी वाचा: मिलिमीटरमधला तक्ता आणि परतीचा नियम. नखांची पाकिटं स्वच्छतेच्या कारणावरून बऱ्याचदा 'परत घेतली जाणार नाहीत' या वर्गात टाकलेली असतात. इन्स्टाग्रामवर हाताने रंगवलेली नखं विकणाऱ्या अनेक मुली उपनगरांतच काम करतात. त्यांची नखं महाग वाटतात, पण तुमच्या मापाची असतात आणि जपली तर पुन्हा पुन्हा वापरता येतात. चांगली विक्रेती आधी मापाचा संच पाठवते किंवा नाण्याशेजारी बोटांचे फोटो मागते. माप न विचारता आधी पूर्ण पैसे मागणाऱ्या खात्यापासून दूर राहा.

पाकीट हातात घेतल्यावर

मागची बाजू वाचा. पाकीटबंद वस्तूंच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार त्यावर उत्पादक, पॅकर किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, आयात माल असेल तर मूळ देश, नगांची संख्या, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क असायला हवा. बहुतेक नखं चीनमधून येतात, त्यात वावगं काही नाही. आयातदाराचा पत्ताच नसणं मात्र वावगं आहे, कारण मग तक्रार करायला कोणी उरत नाही.

नमुना उघडा असेल तर एक नख बोटांत धरून हलकं दाबा. चांगलं नख थोडं लवतं आणि परत सरळ होतं. हलकं प्लॅस्टिक पांढरी रेघ पडून तडकतं. मुळाकडची कड पातळ असावी. ती जाड असेल तर केस अडकत राहतात.

नखापेक्षा ग्लू महत्त्वाचा

नेल ग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट. फेविक्विकही त्याच कुळातला आहे, म्हणून 'तेच लावलं तर काय होतं' असं विचारलं जातं. तो घरातल्या वस्तू जोडण्यासाठी बनवलेला आहे, कातडीला लागून दिवसचे दिवस राहण्यासाठी नाही. नखांना नखांचाच ग्लू घ्या, शक्यतो छोट्या ब्रशचा, नावाजलेल्या कंपनीचा आणि सीलबंद. पाकिटासोबत फुकट मिळणाऱ्या बिनलेबलच्या बारीक ट्यूबवर काहीच लिहिलेलं नसेल तर ती फेकून द्या.

* ग्लू सुती कपड्यावर किंवा कापसावर सांडला तर तो झटकन तापतो, त्याने चटका बसू शकतो. मांडीवर सुती ओढणी ठेवून नखं लावू नका. सांडलाच तर कापसाने टिपू नका.
* बाटली डोळ्यांच्या थेंबांसारखी दिसते. चुकून ग्लू डोळ्यात घातल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. औषधांच्या डब्यात ती कधीही ठेवू नका. डोळ्यात गेलाच तर पापण्या ओढू नका, पाण्याने धुवा आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.
* बोटं एकमेकांना चिकटली तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू सोडवा.

लावताना

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. जुनं पॉलिश काढा, मुळाशी आलेली कातडी हलकेच मागे सारा, कापू नका. नखाची चमक जाईल इतकीच कानस फिरवा आणि स्पिरिटच्या पट्टीने पुसा. दहाही नखं आधी ओळीने मांडून ठेवा. ग्लूचा एक थेंब पुरतो. नख मुळाकडून तिरपं टेकवून पुढे दाबत आणा, म्हणजे आत हवा राहत नाही. वीस-तीस सेकंद दाबून धरा. अंगठे शेवटी, कारण तोवर ते कामाला लागतात. पुढचे दोन तास पाण्यात हात नको. भांडी, आंघोळ, केस धुणं सगळं आधी उरकून घ्या. रात्री झोपण्यापूर्वी लावणं सगळ्यात सोयीचं.

काढताना घाई नको

आपलं नख अनेक पातळ थरांचं असतं. चिकटलेलं नख ओढलं की वरचे थर सोबत जातात. बोटाचं नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवं यायला सहा महिने लागतात. ओढण्यात दहा मिनिटं वाचतात, पण खराब झालेलं नख सहा महिने वागवावं लागतं.

टॅबवाली नखं कोमट पाणी, थोडा साबण आणि चमचाभर खोबरेल तेल यांत दहा-पंधरा मिनिटं भिजवा आणि बाजूने अलगद उचला. ग्लूवाली नखंही तशीच भिजवा, त्यानंतरही सुटली नाहीत तर कडेने ॲसिटोन सोडा. ॲसिटोन चटकन पेट घेतो: खिडकी उघडी, गॅस बंद, देवापुढचा दिवाही दुसऱ्या खोलीत. मग हात धुऊन तेल चोळा आणि आठवडाभर नखं मोकळी ठेवा. पापुद्रा निघालाच असेल तर नख आखूड कापा, रोज तेल लावा आणि ते वाढून जाईपर्यंत त्यावर ना ग्लू, ना जेल.

पावसाळ्यात जास्त जपा. नख एका कडेने सुटलं की त्या फटीत पाणी साचतं आणि तिथे जंतू वाढतात. काढल्यावर खालचं नख हिरवट दिसलं तर तो बहुधा स्यूडोमोनास या जंतूचा संसर्ग असतो. त्यावर पॉलिश लावून झाकू नका. मुळाशी सूज, ठणका, पू असेल तर ते नखुर्डं. घरी फोडू नका. कूपर, राजावाडी अशा महापालिका रुग्णालयांतल्या बाह्यरुग्ण विभागात कमी खर्चात दाखवता येतं. जून ते सप्टेंबर सुटलेलं नख ग्लूने पुन्हा दाबून बसवू नका. काढा, कोरडं करा, मग हवं तर नवं लावा.

पार्लरमध्ये बसण्याआधी

जेल आणि ॲक्रिलिक यांतली मेथाक्रिलेट रसायनं काहींना ॲलर्जी देतात. बोटांना खाज, नखाभोवती फोड, कधी पापण्यांवर पुरळ. ही ॲलर्जी एकदा जडली की बहुधा कायमची राहते आणि पुढे दातांच्या काही उपचारांतही अडचण आणू शकते. म्हणून घरी यूव्ही दिवा आणि जेलचा स्वस्त संच आणून शिकण्याच्या मी विरोधात आहे. कातडीला लागलेलं अर्धकच्चं जेल हे ॲलर्जीचं मोठं कारण आहे. युरोपीय संघाने टीपीओ नावाच्या जेलमधल्या घटकावर सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली आहे, तेव्हा 'टीपीओ-फ्री' जेल आहे का, हे विचारण्यात संकोच नको.

* ॲक्रिलिक असेल तर त्यातलं द्रव रसायन एमएमए आहे की ईएमए, हे विचारा. एमएमएवर अमेरिकेत सत्तरच्या दशकातच कारवाई झाली. त्याचं नख फार टणक होतं, ॲसिटोनने नीट सुटत नाही आणि घासून काढताना खरं नख जातं. बाटली दाखवायला नकार मिळाला तर उठा.
* कानस नवी आहे का, धातूची साधनं निर्जंतुक केली आहेत का, ते तुमच्या समोर बघा.
* मशीनने घासताना जळजळ झाली तर लगेच हात मागे घ्या. सहन करू नका.
* लावण्याच्या दरासोबत काढण्याचा दर आधीच विचारा. तो वेगळा असतो आणि शेवटी कळतो.
* पार्लर सेवांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिलात जुना दर लावलेला नाही ना, ते तपासा.

फसवणूक झाली तर

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. तुटकी नखं, कमी नग, मापाच्या तक्त्याशी न जुळणारा माल हे दोष आहेत. तुम्हीच चुकीचं माप मागवलं असेल तर तो दोष नाही. तिथे दुकानाचा नियम चालतो.

ऑनलाइन विक्रेत्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. कमाल किमतीपेक्षा जास्त घेतले तर वैधमापन विभागाकडे तक्रार करा. पॉलिशसारखी प्रसाधनं बनावट वाटली तर अन्न व औषध प्रशासन, निःशुल्क क्रमांक १८००२२२३६५. पैसे घेऊन खातं गायब झालं तर तासाभराच्या आत सायबर हेल्पलाइन १९३० वर फोन करा. उशीर झाला की रक्कम गोठवणं कठीण होतं.

बाकी सगळ्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही मार्ग निघाला नाही तर जिल्हा आयोग. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही चारही ठिकाणं मुंबई उपनगर जिल्ह्यात येतात आणि त्याचा आयोग वांद्रे पूर्वेला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि तक्रार ई-जागृती या संकेतस्थळावर घरूनही दाखल करता येते. सोबत बिल, पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि इजा झाली असेल तर त्या दिवसाचा डॉक्टरांचा कागद जोडा.